फॉर्मवर सही आहे म्हणून संमती आहे असं होत नाही: जबरी नसबंदी ओळखण्यापासून ती गुन्हा ठरवण्यापर्यंतची गाइड

जबरी नसबंदी म्हटलं की डोळ्यासमोर पोलिसांची गाडी येते आणि हातपाय धरून टेबलवर नेलेला माणूस येतो. तसंही झालंय, भारतात आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या आणि त्यासाठी लोकांचे पगार अडवले, गावांना वेढा घालून पुरुषांना उचललं. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभरात ज्या केसेस कोर्टापर्यंत पोचल्या त्या वाचायला घेतल्या तर लक्षात येतं की बऱ्याच फाइल्समधे कागद आहे, कागदावर सही आहे, आणि हॉस्पिटलचं म्हणणं एवढंच आहे की बाई, तूच तर सही केलीस. म्हणून या लेखाचा सगळा भर एका प्रश्नावर आहे, ती सही कधी घेतली, कुठल्या अवस्थेत घेतली आणि सही करणारीला तेव्हा नेमकं काय माहीत होतं. ऑपरेशनच्या आधी स्वतःला जपायचं असेल, घरातल्या कुणासोबत हॉस्पिटलमधे थांबायचं असेल, झालेल्या प्रकाराची तक्रार करायची असेल किंवा कायदा बदलायच्या कामात असाल, चारही ठिकाणी हाच प्रश्न कामाला येतो.

आधीच स्पष्ट सांगतो, नसबंदी वाईट नाही. विचार करून, स्वतःहून करून घेतलेली नसबंदी ही अतिशय चांगली आणि सुरक्षित सोय आहे आणि ती हवी असणाऱ्या माणसाला अडवणं हाही अन्यायच आहे. विरोध आहे तो दुसऱ्याने ठरवून टाकण्याला.

पायरी १: जबरदस्ती कुठल्या कुठल्या रूपात येते ते ओळखा

उघड बळजबरी ओळखायला सोपी असते. बाकीचे प्रकार बघा. सांगितलंच नाही, दुसऱ्या ऑपरेशनसोबत नळ्या बांधून टाकल्या. सांगितलं पण खोटं सांगितलं, म्हणजे "नंतर उघडता येतात" किंवा "हे इंजेक्शनसारखंच आहे" वगैरे. अट घातली, म्हणजे नसबंदी करशील तरच गर्भपात करू, तरच धान्य, तरच योजनेचे पैसे, तरच एचआयव्हीची औषधं. घाबरवलं, पुढचं बाळंतपण झालं तर मरशील. आणि सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार म्हणजे कळा सुरू असताना, रक्तस्राव होत असताना किंवा गुंगीचं औषध दिल्यावर कागद पुढे केला.

हंगेरीची एक केस यासाठी नीट बघण्यासारखी आहे. २ जानेवारी २००१ ला एका रोमा, म्हणजे युरोपातल्या एका उपेक्षित अल्पसंख्य समाजाच्या, बाईला अँब्युलन्सने हॉस्पिटलला आणलं, पोटातलं मूल गेलेलं होतं, खूप रक्त गेलं होतं, ती शॉकमधे होती. तातडीच्या सिझेरियनच्या संमतीसोबत डॉक्टरने हाताने खरडलेली एक ओळ होती, नीट वाचताही येत नव्हती, त्यात नसबंदीसाठी लॅटिन शब्द वापरला होता आणि तो तिला कळणं शक्यच नव्हतं. तिने सही केली. अँब्युलन्स पोचल्यापासून १७ मिनिटांत सिझेरियन झालं, मृत बाळ आणि वार बाहेर काढली आणि नळ्याही बांधून झाल्या. घरी जाताना तिने डॉक्टरला विचारलं की आता पुढच्या बाळाचा प्रयत्न कधी करू, तेव्हा तिला कळलं की आपलं काय केलंय. तिथल्या कोर्टांनी तिचं म्हणणं मानलं नाही, पण बायकांवरचा भेदभाव संपवण्याच्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सीडॉ समितीने २००६ साली निकाल तिच्या बाजूने दिला. १७ मिनिटांत, तेही शॉकमधे असताना, कोण कुणाला काय समजावून सांगणार?

कुणाच्या बाबतीत हे जास्त होतं तेही बघा. युरोपात रोमा बायका, कॅनडात आदिवासी बायका, पेरूमधे १९९० च्या दशकात डोंगराळ भागातल्या गरीब केचुआ आदिवासी बायका, नामिबिया आणि चिलीत एचआयव्ही असलेल्या बायका, जपान आणि स्वीडनमधे अपंग आणि मनोरुग्ण म्हणून शिक्का मारलेले लोक, कॅलिफोर्नियाच्या तुरुंगातल्या कैदी. पुरुषही आहेत यात, आणि ज्यांना कागदोपत्री लिंग बदलायचं होतं अशी ट्रान्स माणसंही आहेत, कारण कित्येक देशांनी त्यासाठी नसबंदीची अट ठेवली होती. जपानच्या सुप्रीम कोर्टाने ती अट २०२३ साली घटनाबाह्य ठरवली. या सगळ्यांमधे समान गोष्ट एकच, समोरच्याला वाटत होतं की यांना मुलं होऊ नयेत.

पायरी २: निर्णय हॉस्पिटलच्या दारात घेऊ नका, आणि दुसऱ्यालाही घेऊ देऊ नका

प्रसूतितज्ज्ञांची जागतिक संघटना फिगो हिने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहून ठेवलंय की नसबंदी ही कधीच तातडीची गोष्ट नसते, आणि बाई कळा देत असताना किंवा गर्भपात मागायला आली असताना अशा नाजूक वेळी त्यासाठीची संमती घेऊ नये. हे वाक्य पाठ करून ठेवा, कारण "आत्ताच सांगा, वेळ नाही" या दबावाला त्याहून चांगलं उत्तर नाही. पुढची प्रेग्नन्सी धोक्याची असेल असं गृहीत धरलं तरी ती प्रेग्नन्सी उद्या सकाळी येणार नसते, मधल्या काळात गर्भनिरोधनाचे बाकी सगळे मार्ग आहेत, विचार करायला आठवडे आहेत, महिने आहेत.

म्हणून गरोदरपणातच, पाचव्या-सहाव्या महिन्यात, शांतपणे ठरवा. नसबंदी हवी की नको, आणि जे काय असेल ते तारीख टाकून स्वतःच्या अक्षरात लिहा, डॉक्टरच्या फाइलमधे एक प्रत लावायला सांगा आणि एक स्वतःकडे ठेवा. नको असेल तर साधं वाक्य पुरतं: "मला नसबंदी करायची नाही, सिझेरियन झालं तरी नाही, प्रसूतीच्या वेळी माझ्याकडून किंवा माझ्या नातेवाइकांकडून यासाठी सही घेऊ नये." लिहिता येत नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

हवी असेल तर डॉक्टरने किंवा समुपदेशकाने तुम्हाला निदान सहा गोष्टी सांगायलाच हव्यात, जागतिक आरोग्य संघटनेच्या कुटुंबनियोजनाच्या हँडबुकमधे त्या दिल्या आहेत. तात्पुरत्या साधनांचाही पर्याय तुम्हाला आहे. हे एक ऑपरेशन आहे. त्याचे फायदे आहेत तसे धोकेही आहेत. यशस्वी झालं तर यापुढे मूल होणार नाही. हे कायमचं धरून चालायचं, उलटवता येईल याची खात्री नाही. आणि ऑपरेशन होईपर्यंत कुठल्याही क्षणी तुम्ही नाही म्हणू शकता, त्यामुळे तुमच्या बाकी उपचारांवर किंवा सोयींवर काही परिणाम होणार नाही.

सहावा मुद्दा बहुतेक ठिकाणी गाळला जातो. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण ज्या माणसाला नाही म्हणायची सोयच नव्हती त्याच्या हो ला काय किंमत राहते. समजलं की नाही हे तपासायची सोपी पद्धत म्हणजे ऐकलेलं स्वतःच्या शब्दात परत सांगणं, चांगले डॉक्टर हे स्वतःच करून घेतात, नाही घेतलं तर तुम्ही म्हणा की मी काय समजले ते सांगते, चुकलं तर दुरुस्त करा.

भाषेची अडचण असेल तर दुभाषी मागा, आणि तो शक्यतो नवरा, सासू किंवा घरचं कुणी नको. घरच्या माणसाला ऑपरेशन व्हावं असं वाटत असेल तर भाषांतरात काय येईल आणि काय गळेल ते सांगता येत नाही.

पायरी ३: फॉर्म वाचताना काय बघायचं

नसबंदीचा फॉर्म वेगळाच हवा. सिझेरियनच्या फॉर्ममधे खाली एक ओळ जोडलेली असेल तर तिथेच थांबा. नामिबियाच्या सुप्रीम कोर्टापुढे २०१४ साली एचआयव्ही असलेल्या तीन बायकांची केस होती, त्यांच्या सह्या प्रसूतीच्या कळांमधे घेतल्या होत्या आणि कागदावर "बीटीएल" असं संक्षेपात लिहिलेलं होतं, म्हणजे दोन्ही बाजूच्या नळ्या बांधणे, पण ही अक्षरं बघून कुठल्या पेशंटला कळणार. कोर्टाने सांगितलं की या सह्या म्हणजे संमती नव्हे.

संक्षेप असेल तर पूर्ण लिहून घ्या. रिकाम्या जागा ठेवून सही करू नका, "सोबत लागेल ती इतर प्रक्रिया" अशी मोघम ओळ असेल तर तिच्यावर काट मारून "नसबंदी सोडून" असं लिहा आणि बाजूला सही करा. तारखेसोबत वेळही टाका, तास आणि मिनिटं, हे कुणी सांगत नाही पण पुढे भांडायची वेळ आली तर तीन शब्दांच्या जबाबापेक्षा ही वेळ जास्त बोलते. एक प्रत किंवा निदान मोबाइलवर फोटो घ्या.

पायरी ४: त्या दिवशी, आणि सोबत थांबणाऱ्यांसाठी

सोबतच्या माणसाचं काम मोठं आहे. भूल दिल्यावर पेशंट बोलू शकत नाही आणि मग कागद बाहेर बसलेल्या नातेवाइकाकडे येतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाने ओळखायचं की तिच्या शरीराबद्दलची ही सही माझी नाही. "ती शुद्धीवर आल्यावर तिला विचारा" एवढंच म्हणायचं आणि पेन हातात घ्यायचं नाही.

भारतातली एक केस यावर अगदी बरोबर बसते. एक ४४ वर्षांची अविवाहित बाई फक्त तपासणीच्या लॅप्रोस्कोपीसाठी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघण्यासाठी, गेली, ती भुलेखाली असताना डॉक्टरने बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. २००८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सज्ञान, स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने आई संमती देऊ शकत नाही, तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, एका ऑपरेशनची संमती दुसऱ्याला लागू होत नाही, आणि "पोट उघडलंच आहे तर करून टाकू, परत भूल द्यायला नको" हे सोयीचं कारण चालणार नाही. अपवाद फक्त जीव वाचवण्यासाठी लगेच करावंच लागेल त्याचा.

हा अपवाद नीट समजून घ्या, नाहीतर उगाच चांगल्या डॉक्टरांवर संशय येतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबतच नाहीये, औषधं झाली, बाकी उपाय झाले आणि जीव वाचवायला गर्भाशय काढावं लागलं, तर ती जबरी नसबंदी नाही. तिथे हेतू रक्त थांबवण्याचा आहे, मूल न होणं हा त्याचा दुःखद परिणाम आहे. पण नुसत्या नळ्या बांधल्याने या क्षणी कुणाचाच जीव वाचत नाही. स्लोव्हाकियात २००० साली सिझेरियनच्या वेळी एका रोमा बाईला सांगितलं की पुढच्या खेपेला तू किंवा बाळ मराल, ती म्हणाली तुम्हाला हवं ते करा, सही घेतली. युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने २०११ च्या निकालात म्हटलं की नसबंदी ही जीव वाचवणारी तातडीची प्रक्रिया मानली जात नाही, आणि अशा वेळी मिळवलेली सही म्हणजे स्वतःचा निर्णय नव्हे, तिला ३१ हजार युरो भरपाई द्यायला लावली. तिच्या फाइलमधे "पेशंट रोमा समाजाची आहे" अशी वेगळी नोंदही होती.

पायरी ५: नवरा, आई-वडील, पालक, कोर्ट: दुसऱ्याच्या संमतीचा प्रश्न

भारतात सज्ञान माणसाच्या बाबतीत नवऱ्याच्या किंवा बायकोच्या सहीची गरज नसते. ही उलटी बाजूही लक्षात ठेवा, की नवरा नाही म्हणतो म्हणून बाईची नसबंदी नाकारणं हेही तिच्या निर्णयावरचं अतिक्रमणच. बोलिव्हियात २००० साली एका बाईच्या नळ्या सिझेरियनच्या वेळी बांधल्या गेल्या, डॉक्टर म्हणाला तिने तोंडी हो म्हटलं होतं. आंतर-अमेरिकी मानवी हक्क कोर्टाने २०१६ साली तिच्या बाजूने निकाल दिला आणि संमती आधी घेतलेली, मोकळेपणाने दिलेली आणि पूर्ण माहितीवर आधारलेली हवी असं सविस्तर लिहिलं. ती संमती तिची स्वतःची हवी, दुसऱ्या कुणाची नाही, हे त्या निकालातही आहे.

अवघड जागा येते ती बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींच्या बाबतीत. आई-बाप थकलेले असतात, पाळीची स्वच्छता, बलात्काराची भीती, आपण गेल्यावर हिचं काय, ही काळजी खरी असते आणि तिला खोटं ठरवायचा माझा इरादा नाही. पण गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही, उलट झालेला कळायचा एक मार्ग बंद होतो. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९८६ सालीच सांगितलं की उपचाराची गरज नसताना अशा व्यक्तीच्या नसबंदीला कोर्टही परवानगी देणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने १९९२ साली म्हटलं की हा निर्णय आई-वडिलांच्या अधिकारात येतच नाही, कोर्टाकडे यावं लागेल. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार तर त्यांच्या प्रजननक्षमतेचा हक्क इतरांइतकाच आहे असं २३ व्या कलमात म्हणतो. स्पेनने २०२० पर्यंत फौजदारी कायद्यात कोर्टाच्या परवानगीने अशी नसबंदी करण्याची सूट ठेवली होती, ती काढून टाकली. घरात असा प्रश्न असेल तर आधी पाळीसाठीचे औषधोपचार, काळजीसाठी मदत, आणि त्या मुलीला तिला कळेल अशा चित्रांनी, खुणांनी, वेळ देऊन समजावणं, हे सगळं करून बघा, तिला काहीच कळत नाही हे ठरवायची घाई सगळेच करतात.

पायरी ६: होऊन गेलं असेल तर

बऱ्याच जणींना वर्षानुवर्षं पत्ताच नसतो, मूल राहत नाही म्हणून तपासायला जातात आणि मग कळतं. संशय असेल तर पहिलं काम रेकॉर्ड मिळवायचं, तक्रार करण्याच्याही आधी. हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि नुसतं डिस्चार्ज कार्ड नको, संपूर्ण केस पेपरची प्रत मागा: संमतीचे सगळे फॉर्म, ऑपरेशन नोट्स, भूलतज्ज्ञाची शीट, नर्सच्या नोंदी, लेबर रूमचा चार्ट.

मग या कागदांवरच्या वेळा एका पानावर ओळीने मांडा. अॅडमिट किती वाजता, गुंगीचं किंवा दुखणं कमी करायचं इंजेक्शन किती वाजता, सही किती वाजता, ऑपरेशन सुरू किती वाजता. इंजेक्शन १०.२० ला आणि सही १०.३५ ला असं निघालं तर तुमची अर्धी केस तिथेच उभी राहते. भूलतज्ज्ञाच्या शीटवर दर काही मिनिटांनी नोंद केलेली असते, ती बदलणं अवघड असतं, म्हणून तो कागद सोडू नका.

दुसऱ्या हॉस्पिटलच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून लेखी मत घ्या. नळ्यांमधे डाय टाकून जो एक्स-रे काढतात त्यात नळ्या बंद दिसतात, पण इन्फेक्शनमुळेही त्या बंद असू शकतात, म्हणून एकट्या त्या रिपोर्टवर अवलंबून राहू नका, ऑपरेशन नोट्ससोबत तो जोडायचा. सोबत कोण होतं, कोण काय बोललं, हे आठवतंय तोवर लिहून तारीख टाका, सोबतच्या माणसाकडूनही त्याचं वेगळं लिहून घ्या.

तक्रारीचे रस्ते साधारण सगळीकडे चार असतात आणि ते एकत्रही वापरता येतात. पोलिसात फौजदारी तक्रार, भरपाईसाठी दिवाणी किंवा ग्राहक कोर्ट, डॉक्टरच्या लायसन्सबाबत मेडिकल कौन्सिल, आणि सरकारी हॉस्पिटल असेल तर मानवी हक्क आयोग. वकिलाला पहिल्याच भेटीत मुदतीबद्दल विचारा, आणि मुदत ऑपरेशनच्या दिवसापासून धरायची की कळल्याच्या दिवसापासून, हा प्रश्न नक्की विचारा. हॉस्पिटल समझोत्याचे पैसे देऊ करत असेल तर कागदावर "कुठेही बोलणार नाही" अशी अट आहे का बघा.

आणि ज्यांच्यासोबत हे झालंय त्यांच्याशी बोलताना एक काळजी घ्या, "तू सही का केलीस" हा प्रश्न कुणीही विचारू नये. तो प्रश्न ती स्वतःला रोज विचारत असते.

पायरी ७: हे गुन्हा म्हणून कायद्यात आणायचं तर काय काय लागतं

लोक म्हणतात मारहाणीची कलमं आहेतच की, वेगळा गुन्हा कशाला. भारताचंच बघा. भारतीय न्याय संहितेत गंभीर दुखापतीच्या यादीत पहिलाच प्रकार पुरुषत्व नष्ट करण्याचा आहे, बाईची जननक्षमता नष्ट करण्याचा तिथे नावाने उल्लेख नाही, ती कुठल्या तरी अवयवाची शक्ती कायमची बिघडवणं या खाली ओढून बसवावी लागते. अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यात कलम १० म्हणतं की मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी प्रक्रिया करायची नाही, छान, पण शिक्षेच्या कलम ९२ मधे अपंग बाईचा संमतीशिवाय गर्भपात केल्यास ६ महिने ते ५ वर्षं कैद आहे आणि नसबंदीचं नावच नाही, मग उरतं कलम ८९, पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड. कायमचं मातृत्व हिरावून घेण्याची किंमत १० हजार. नियम आहे आणि शिक्षेचा दात नाही, अशी ही अवस्था बऱ्याच देशांत आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर रोम स्टॅट्यूटने, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्ट ज्यातून उभं राहिलं त्या कराराने, १९९८ साली जबरी नसबंदीला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं, पण तो लागू होतो व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग असेल तेव्हा. एखाद्या हॉस्पिटलमधल्या एका बाईला त्याचा उपयोग नाही, तिला देशाचा स्वतःचा कायदा लागतो. बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या युरोपच्या इस्तंबूल कराराचं कलम ३९ याबाबत सगळ्यात कामाचं आहे, बाईच्या आधी घेतलेल्या माहितीपूर्ण संमतीशिवाय किंवा प्रक्रिया तिला समजल्याशिवाय नैसर्गिकरीत्या मूल होण्याची क्षमता संपवण्याच्या हेतूने किंवा तसा परिणाम होईल अशी शस्त्रक्रिया करणं गुन्हा ठरवा, असं ते देशांना बांधून घालतं. मसुदा लिहायला बसाल तर इथून सुरुवात करा, फक्त "बाई" च्या जागी "व्यक्ती" घाला.

कॅनडाचा अनुभव शिकण्यासारखा आहे. सिनेटर इव्हॉन बॉयर यांनी २०२२ साली एस-२५० हे बिल आणलं, मूळ मसुद्यात वेगळा गुन्हा होता, कमिटीत तो बदलून आधीच असलेल्या गंभीर हल्ल्याच्या कलमात स्पष्टीकरण घालायचं ठरलं, म्हणजे संमतीशिवायची नसबंदी ही जखमी किंवा जायबंदी करण्यासारखीच धरायची, शिक्षा १४ वर्षांपर्यंत. सिनेटने २०२४ ला ते मंजूर केलं, पण २०२५ च्या सुरुवातीला संसदेचं सत्र संपवलं गेलं आणि बिल पडलं, नंतर एस-२२८ म्हणून परत आणावं लागलं. वेगळा गुन्हा की जुन्या कलमाचं स्पष्टीकरण, हा वाद तुमच्याकडेही होणार. मला वेगळा गुन्हा बरा वाटतो, कारण पोलिस स्टेशनला बसलेल्या माणसाला नाव असलेलं कलम पटकन सापडतं आणि आकडेवारीही वेगळी ठेवता येते, पण संसदेत मतं कमी पडत असतील तर स्पष्टीकरणही घ्या.

मसुद्यात संमतीची व्याख्या सगळ्यात जास्त जपा. कळांमधे, गर्भपाताच्या वेळी, गुंगीत, कोठडीत घेतलेली सही संमती धरली जाणार नाही हे नावानिशी लिहा, "योग्य संमती" असं मोघम लिहिलंत तर प्रत्येक केसमधे वकील त्यावर दोन वर्षं घालवतील. जीव वाचवण्याचा अपवाद द्या पण अरुंद द्या, आणि तो सिद्ध करायची जबाबदारी हॉस्पिटलवर टाका.

मग गुन्हेगार कोण. फक्त सुरी चालवणारा डॉक्टर धरला तर वरचे सगळे सुटतात. पेरूमधे १९९६ ते २००० या काळात अडीच लाखांहून जास्त बायकांच्या नसबंद्या झाल्या, खाली आरोग्य कर्मचाऱ्यांवर कोट्याचा दबाव होता. भारतात छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ ला एका नसबंदी कॅम्पमधे काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि त्या आठवड्यात डझनाहून जास्त बायका गेल्या, २०१६ साली सुप्रीम कोर्टाने असे कॅम्प तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. टार्गेट देणारा अधिकारी, टार्गेट भरलं नाही म्हणून पगार अडवणारा, केस आणल्याचे पैसे वाटणारा, हे सगळे त्या कलमात आले पाहिजेत, आणि सरकारी नोकरावर खटल्याला आधी सरकारचीच परवानगी लागते ती अट या गुन्ह्यापुरती काढली पाहिजे.

मुदतीचं काय होतं ते जपानमधे दिसलं. १९४८ ते १९९६ तिथे सुप्रजननाचा, म्हणजे "निकृष्ट" ठरवलेल्या लोकांना मुलं होऊ नयेत यासाठीचा, कायदा होता, सुमारे २५ हजार लोकांच्या नसबंद्या झाल्या, त्यातल्या साडेसोळा हजार संमतीशिवाय. माणसं म्हातारी होऊन कोर्टात गेली तर सांगितलं गेलं की २० वर्षांची मुदत संपली. शेवटी ३ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की इथे मुदत लावणं हेच न्यायाला धरून नाही, आणि त्यानंतर १ कोटी ५० लाख येनच्या भरपाईचा कायदा झाला. तोवर कित्येक जण वारले होते. पेरूने तर २०२४ साली उलटा कायदा केला की २००२ आधीच्या घटनांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणून चालवायचं नाही. म्हणून मुदत नको, किंवा असलीच तर पीडित व्यक्तीला कळल्याच्या दिवसापासून मोजा, आणि हे मसुद्यात पहिल्या दिवसापासून घाला.

भरपाईची वेगळी सोय ठेवा आणि ती खटल्यात शिक्षा होण्यावर अवलंबून ठेवू नका. चेक रिपब्लिकने २०२१ साली १९६६ ते २०१२ मधल्या बेकायदा नसबंद्यांसाठी ३ लाख कोरुना द्यायचा कायदा केला, चांगला केला, पण बऱ्याच जणींचे अर्ज हॉस्पिटलने रेकॉर्ड नष्ट केलं म्हणून अडकले. तेव्हा नसबंदीचे कागद किती वर्षं जपायचे तेही त्याच कायद्यात लिहा, आणि कागद नसेल तर पोटावरचा व्रण, वैद्यकीय मत आणि साक्ष पुरेशी धरा.

पायरी ८: कायदा झाल्यावर हॉस्पिटलच्या आत काय बदलायचं

थांबण्याचा काळ ठेवायचा का, हा प्रश्न अवघड आहे. अमेरिकेत सरकारी पैशातून होणाऱ्या नसबंदीसाठी १९७० च्या दशकाच्या शेवटी नियम झाले, वय २१ पूर्ण, सही आणि ऑपरेशन यात किमान ३० दिवस, जास्तीत जास्त १८० दिवस, कळांमधे किंवा गर्भपाताच्या वेळी सही नाही. वेळेआधी प्रसूती किंवा पोटाचं तातडीचं ऑपरेशन असेल तर ७२ तास. यामुळे जबरदस्तीला आळा बसला हे खरं, पण ज्यांना खरंच नसबंदी हवी होती अशा गरीब बायकांचा फॉर्म वेळेत झाला नाही किंवा त्याची मुदत संपली म्हणून त्यांना नकार मिळतो, खासगी पैसे भरणाऱ्या बाईला मात्र असं काही थांबावं लागत नाही. म्हणून माझं मत, काळ ठेवा पण छोटा ठेवा, काही दिवसांचा, आणि संमती गरोदरपणातल्या तपासणीत घ्यायची पद्धत पाडा, म्हणजे तो काळ आपोआप निघून जातो आणि हवी असणारीची अडवणूक होत नाही.

टेबलवर घेण्याआधी सर्जनने स्वतः पेशंटला विचारायचं, सही झालेली असली तरी, आणि उत्तर तिच्या शब्दात लिहायचं. समुपदेशन करणारा माणूस ऑपरेशनच्या आकड्यावर ज्याचं कौतुक होतं त्याच्या हाताखालचा नको. नसबंदीच्या रजिस्टरमधे दोन रकाने वाढवा, संमतीची तारीख-वेळ आणि ऑपरेशनची तारीख-वेळ, आणि दर तिमाहीला बाहेरच्या माणसाकडून ते तपासून घ्या. तपासणाऱ्याने दोन्हीत एक दिवसापेक्षा कमी अंतर असलेल्या प्रत्येक बाईला, हॉस्पिटलचं कुणी समोर नसताना, फोन करून किंवा घरी जाऊन विचारायचं की तुमचं नेमकं कुठलं ऑपरेशन झालंय, तुम्हाला माहीत आहे का.